घट

पहिलं वाक्य सात वेळा खोडलं.
'माझा जन्म खानापूर तालुक्यातल्या पारे या गावी' –
खोटं आहे.
जन्म त्रिशूरचा, सरकारी दवाखान्यातला.
वडिलांनी नाव सांगितलं, वैजयंता.
नर्सनं ते गोल गोल अक्षरांत लिहून घेतलं.
मला ते आजही वाचता येतं,
वडिलांना कधीच आलं नाही.

काल विट्याच्या स्टँडवर रिक्षावाल्यानं विचारलं,
'पाव्हणं, कुणाकडं?'
मी माझ्याच घराचा पत्ता दिला.

घर आहे. दुमजली, ग्रॅनाइटची पायरी,
दारावर स्टीलच्या अक्षरांत आडनाव,
अकरा महिने कुलूप.
आमच्या आळीत अशी नऊ घरं.
कोइमतूरवाल्यांचं, कटकवाल्यांचं, गुवाहाटीवाल्यांचं.
आमचं त्रिशूरवाल्यांचं.
तिकडं दुकानाला म्हणायचे, मराठी सेट्टूचं.

वडील सोनं गाळायचे.
सोनं आमचं नव्हतंच कधी.
लोकांचे मोडके डूल, मेलेल्यांच्या साखळ्या
मुशीत जायच्या, वर टाकणखाराची चिमूट,
आणि तेजाबाचा तांबूस धूर
जिना चढून आमच्या ताटांपर्यंत यायचा.
रात्री खोकत खोकत ते वहीतला
एकच रकाना पुन्हा पुन्हा तपासायचे: घट.
किती आलं, किती उतरलं, धुरात किती गेलं.
'गाळलं की घट येणारच,
पण ती दुसऱ्याच्या मालात दिसता कामा नये.'

म्हणून दुकानातला केर कधी फेकला नाही.
फरशीची धूळ, चटईचे धागे, आमच्या पायांची माती,
सगळं एका पत्र्याच्या डब्यात.
वर्षाकाठी झारेकरी यायचा, धुऊन बघायचा.

फॉर्मवर 'मूळ गाव' आलं
की माझ्या तळव्यांना घाम सुटतो.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, श्वास मोजा.
चारपर्यंत मराठीत मोजते,
पाचाला जीभ घसरते, अंजु म्हणते,
आणि मग श्वास सोडून
मी भाषाच तपासत बसते.

शाळेत विचारायचे, नाडु एविडेया, गाव कुठलं तुझं?
मी सांगायचे. मग विचारायचे, परत कधी जाणार?
इथं आल्या आल्या शेजारी विचारतात,
परत कधी जाणार?
एवढासा शब्द, परत.
दोन्हीकडच्या लोकांनी तो
दुसरीकडे तोंड करून उभा केलेला.

आईनं तिथलं पहिलं वर्ष एका शब्दावर काढलं.
आयी.
त्यांच्यात आयी म्हणजे झालं.
भात शिजला, आयी. शाळेची वेळ, आयी.
दुकानदारानं हिशेब मिटवला, आयी.
मला वाटायचं, अख्खी बाजारपेठ
माझ्या आईला हाका मारते.

तिला तिथंच जाळलं.
रक्षेचा तांब्या वडिलांच्या मांडीवर,
दोन रात्री आणि मधला दिवस, रेल्वेत.
येरळेला पाणी नव्हतं. थांबावं लागलं.

हे सगळं पहिल्या प्रकरणात यावं, असं संपादक म्हणतात.
मुळापासून सुरुवात करा, म्हणतात.
मी मुळापासून म्हणून
हॉलपासून सुरुवात केली. केरसुणी घेतली.
खुर्च्यांवरच्या चादरी काढल्या,
देव्हाऱ्यामागं मेलेली पाल, एक पंचवीस पैशाचं नाणं,
अकरा महिन्यांची कुणाचीच नसलेली धूळ.
सुपलीत भरली
आणि उकिरड्यापर्यंत जाऊन परत आणली.
स्वयंपाकघरात एक रिकामा डबा होता, तेलाचा.

फाटकातून शेवंताकाकूनं हाक दिली,
'झालं का गं लोटून?'

'आयी,' मी म्हणाले.

ती तिथंच थबकली.
पदर हनुवटीपर्यंत नेला.
'व्हय बाई,' म्हणाली,
'रिकाम्या घरात येतीच की आठवण.'

मी दुरुस्त केलं नाही.
डब्याचं झाकण शोधत राहिले.